डोंगरावरचे पाच एकर: मेंढरे पाळावीत की बोलवावीत?

धंद्यातून चार पैसे शिल्लक पडले की ते जमिनीत घालावेत, ही आपल्या व्यापारी मंडळींची जुनी रीत आहे. मुरबाड, शहापूर, कर्जत, माणगाव, महाड, खेड या बाजूंना दोन, चार, पाच एकरांचे तुकडे घेऊन ठेवलेले कापडवाले, यंत्रमागवाले आणि आखातातून परतलेले बंधू आमच्या माहितीत पुष्कळ आहेत. जमीन बहुधा वरकस असते. डोंगराचा उतार, मधूनमधून कातळ, वर करवंदीच्या जाळ्या, खाली पन्नास-शंभर आंबा-काजूची कलमे आणि एक पत्र्याची खोली. मालक महिन्यातून एकदा जातो, सावलीत जेवतो आणि परत येतो. बाकीचे एकोणतीस दिवस त्या जमिनीवर एकच पीक जोमाने वाढत असते, ते म्हणजे गवत.

या गवताचे काय करावे, असा प्रश्न आमच्याकडे अलीकडे वरचेवर येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की थोडी मेंढरे पाळली तर कसे? गवतही जाईल, चार पैसेही मिळतील. काही तरुण मंडळी तर मोबाइलवर परदेशी डोंगरांची चित्रे पाहून लामा नावाच्या प्राण्याची चौकशी करतात. त्या चित्रांत हिरवा उतार असतो, पांढरी मेंढरे असतात आणि त्यांच्या मध्ये उंच मानेचा एक लामा ऐटीत उभा असतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले. लोकरीशी आमचा संबंध मालाच्या बाजूने आला, जनावराच्या बाजूने कमी. तरीही हिशेब हा हिशेबच असतो, म्हणून या विषयावर आमचे मत मांडतो.

आधी गवताकडे पाहू. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस असा पडतो की उतारावर गवत कमरेएवढे होते. ऑक्टोबरात ते पिवळे पडू लागते, जानेवारीत वाळून कोळ होते, आणि तिथून पावसापर्यंत त्या मालकाच्या डोक्यावर वणव्याची टांगती तलवार असते. कोणी राब भाजताना ठिणगी उडते, कोणी विडी टाकतो, कोणी नवा कोंभ फुटावा म्हणून मुद्दाम काडी लावतो. आग उताराने वर चढते तेव्हा धावणाऱ्या माणसापेक्षा वेगाने चढते. पाच-सहा वर्षे पाणी घालून वाढवलेली कलमे अर्ध्या तासात होरपळतात, ठिबकाच्या नळ्या वितळतात. रायगड-रत्नागिरीत दर उन्हाळ्यात कोणाची ना कोणाची बाग अशी जाते. म्हणून गवताचा प्रश्न हा हौसेचा नाही. तो बागेत घातलेल्या मुद्दलाचा आहे.

गवत काढण्याचे नेहमीचे मार्ग तीन. मजूर लावून कापावे, तर दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालू असते आणि मजूर मिळत नाही. यंत्राने कापावे, तर कातळावर पाते तुटते, आणि कापलेले गवत तिथेच पडून राहिले तर ते उभ्या गवतासारखेच पेट घेते. तणनाशक मारावे, तर उतारावरची माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात खालच्या खाचरात जाऊन बसते. पूर्वी हेच गवत कापून, दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जाई. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात गवताच्या वखारी होत्या आणि काही अजून आहेत. परंतु पाच एकरांच्या मालासाठी डोंगरावर टेम्पो चढवणारा वखारवाला आम्हांस भेटलेला नाही.

उरते ते जनावर. कल्पना चुकीची नाही. मात्र कोणते जनावर, किती आणि कोणाचे, इथे गोंधळ होतो.

लामापासून सुरुवात करू, कारण त्याच्यावर फार वेळ घालवायचा नाही. लामा हा उंटाच्या घराण्यातला, वशिंड नसलेला प्राणी. त्याचे घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. बोलिव्हिया आणि पेरूच्या साडेतीन-चार हजार मीटर उंचीच्या पठारांवर तो हजारो वर्षे ओझे वाहत आला आहे. पंचवीस-तीस किलोचा बोजा घेऊन दिवसभर चालतो. त्याच्या अंगावरच्या जाड केसांचे तिथे दोर, पोती आणि कांबळी होतात. म्हणजे तिकडचे घोंगडेच म्हणा. तलम कापड होते ते त्याच्या धाकट्या भावाचे, अल्पाकाचे. जुन्या वाचकांना अल्पाकाचा कोट आठवत असेल. इंग्लंडातील ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८३० नंतरच्या दशकात हा धागा यंत्रावर कातून दाखवला, त्यावर अमाप पैसा केला आणि १८५३ मध्ये सॉल्टेअर येथे प्रचंड गिरणी उघडली. तेच कापड पुढे आपल्याकडच्या वकील-मास्तरांच्या अंगावर आले. त्या काळी कापड मागवणाऱ्यांनी कापड मागवले, अल्पाका पाळायची गोष्ट कोणी काढली नाही.

मेंढरांच्या कळपात लामा ठेवण्याची चाल मात्र अँडीजमधली नव्हे, ती अमेरिकेतली. १९८० च्या दशकापासून तिकडचे मेंढपाळ कळपाच्या राखणीला लामा ठेवू लागले. आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा मेंढपाळांची पाहणी केली, तेव्हा लामा आल्यावर नुकसान बरेच घटल्याचे बहुतेकांनी सांगितले. त्याची रीत अशी, की खच्ची केलेला एकच नर ठेवायचा. दोन ठेवले तर ते एकमेकांच्या संगतीत रमतात आणि मेंढरांकडे पाहत नाहीत. खच्ची न केलेला ठेवला तर तो मेंढ्यांवरच चढू पाहतो आणि त्या जखमी होतात. परके कुत्रे दिसले की लामा मान उंच करून ओरडतो, अंगावर धावून जातो, लाथा घालतो. आणखी एक सोय म्हणजे तो लेंड्या एकाच ठरावीक जागी टाकतो, त्यामुळे खत गोळा करणे सोपे.

हे सगळे खरे. पण तिकडे त्याला ज्याच्याशी सामना करायचा असतो तो कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या नात्यातला प्राणी, आणि मोकाट कुत्री. प्यूमासारख्या मोठ्या मांजरापुढे लामाचे काही चालत नाही, तो स्वतःच शिकार होतो. आपल्या डोंगरात आहे बिबट्या. दुसरे असे, की कोरड्या, थंड पठारावरचा हा लोकरी प्राणी एप्रिल-मेच्या दमट कोकणात आणला तर उष्म्यानेच आजारी पडायचा. तिसरे, परदेशातून जिवंत जनावर आणायचे तर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा परवाना, विलगीकरण आणि तपासण्या. आणि आणल्यावर त्याच्या दुखण्याची माहिती असलेला डॉक्टर तालुक्याला कुठून मिळणार?

आम्ही शिकलो उर्दू शाळेत. तिथे ‘भेडचाल’ हा शब्द मास्तर वारंवार वापरत. एक मेंढरू खड्ड्यात गेले की मागची सगळी जातात, त्या अर्थी. २०१० च्या सुमारास महाराष्ट्रात आणि दक्षिणेत इमू पाळण्याची अशीच लाट आली होती. पक्षी घ्या, अंडी आम्ही विकत घेऊ, तेल विकले जाईल, मांस विकले जाईल. २०१२ साली तामिळनाडूत त्या योजना कोसळल्या आणि आपल्याकडेही अनेकांच्या खुराड्यात न विकले जाणारे, खायला मागणारे पक्षी उरले. पैदाशीच्या जोड्या विकणारे सुटले, विकत घेणारे अडकले. ज्या जनावराला आपल्या बाजारात खाटीक, डॉक्टर आणि दलाल यांपैकी कोणीच ओळखत नाही, त्यात पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मेंढी. इथे आमच्या ओळखीचा प्रांत सुरू होतो. बहुतेकांच्या मनात मेंढी म्हटले की लोकर येते, आणि लोकर म्हटले की किंमत. हा समज काढून टाकला पाहिजे. महाराष्ट्रातील मेंढी मुख्यतः दख्खनी. काळी किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, काटक, दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणारी. तिची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलो. ऑस्ट्रेलियाची मेरिनो मेंढी वर्षाला चार-पाच किलो देते, आणि तो धागा १८ ते २२ मायक्रॉनचा. दख्खनीचा धागा त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड, त्यात केसाळ तंतू मिसळलेले, आणि रंग काळा म्हणजे त्यावर दुसरा रंग चढत नाही. अशा लोकरीचे स्वेटर होत नाही, शाल होत नाही. होते ते घोंगडे.

घोंगड्याची आम्ही थट्टा करत नाही. सनगर मंडळी खड्डामागावर त्याच्या पट्ट्या विणत, ताण्याला चिंचोक्याची खळ देत. ती खळ नीट बसली की घोंगडे असे घट्ट होते की पावसाचे पाणी वरून ओघळून जाते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर मऊ, त्याचे घोंगडे वेगळ्या भावाने जाई. आमच्या उमेदवारीच्या काळात पावसाळ्याच्या तोंडाला घोंगड्यांचे गठ्ठे बाजारात उतरत. मग प्लॅस्टिकचा कागद आला, रेनकोट आला, आणि पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून कातलेली स्वस्त ब्लँकेटे आली. नंतर पॉलिएस्टरचे मऊ, रंगीत, फुलाफुलांचे ब्लँकेट आले आणि लग्नाच्या आहेरातूनही घोंगडे गेले. आज दख्खनी लोकरीच्या भावात कातरणावळ निघत नाही, म्हणून धनगर बांधव पुष्कळदा लोकर कातरून टाकून देतात. मेंढीच्या अंगावरचा भार कमी व्हावा म्हणून कातरायची, विकण्यासाठी नव्हे. ही गत केवळ आपली नाही. २०२० साली लोकरीचा भाव इतका पडला की इंग्लंडच्या डोंगरांतल्या मेंढपाळांनीही लोकर खतात घातल्याच्या, जाळल्याच्या बातम्या होत्या.

त्यात कोकणच्या उतारावर कुसळी गवत. ऑक्टोबरच्या आसपास त्याचे कुसळ पिकते आणि मेंढीच्या अंगात सुईसारखे शिरते. लोकरीत अडकलेले कुसळ काढताना कारागीर मेटाकुटीला येतो, आणि कातडीतून आत गेले तर मेंढी दुखणाईत होते. तेव्हा लोकरीचे उत्पन्न हिशेबाच्या वहीत शून्य धरावे. गाद्या-उशांसाठी, नव्या शहरी दुकानांतल्या शोभेच्या वस्तूंसाठी थोडी मागणी अलीकडे दिसते. ती वाढो. पण तिच्यावर भिस्त ठेवून कोणी मेंढरे घेऊ नयेत.

मग उरते मांस. इथे बाजार पक्का आहे, यात शंका नाही. परंतु मोजणी करा. तीस किलोच्या मेंढीला रोज साधारण एक किलो सुका चारा लागतो, हिरवा असेल तर चार-पाच किलो. पाच एकरांवर वीस मेंढरे धरली तरी वर्षाला सात टनांहून जास्त सुका चारा झाला. गवत उभे असते पावसाळ्यात आणि नंतर दोन-तीन महिने. जानेवारीपासून जूनपर्यंत विकतचा पेंढा, विकतचा खुराक. शिवाय वीस मेंढरे असोत की शंभर, राखायला एक माणूस लागतोच. धनगराचा कळप शंभर-दोनशेचा असतो म्हणून त्याला माणूस परवडतो. पाच एकरवाल्याचा संपूर्ण पगार वीस जनावरांवर बसतो. आमच्या यंत्रमागवाल्या बंधूंना हे लगेच समजेल. एक कारागीर सहा-आठ माग पाहतो तेव्हा कापडाला भाव परवडतो, एका मागावर एक कारागीर बसवून कोणी कारखाना चालवत नाही.

कुर्बानीचा बाजार डोळ्यांपुढे ठेवून पाळणाऱ्यांसाठी एक वेगळा हिशेब आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. बकरी ईद इंग्रजी पंचांगात दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे पुढची काही वर्षे ती मे आणि मग एप्रिलात येणार, आणि २०३३ च्या सुमारास मार्चात. जनावर अंगाने भरायला हवे ते नेमके डोंगर उघडाबोडका असतो त्या महिन्यांत. पूर्ण उन्हाळा विकतच्या चाऱ्यावर काढायचा आणि त्यावर विक्री करायची. वयाचाही प्रश्न आहे. हनफी गिऱ्हाइकास वर्ष पुरे झालेला बकरा चालतो, कोकणातले शाफई गिऱ्हाईक बकरा दोन वर्षांचा मागते, मेंढा मात्र वर्षाचा चालतो. या एका फरकाने मेंढा पाळणाऱ्याचा एक वर्षाचा चारा वाचतो, हे खरे. पण डोंगरातल्या कातळावर पाय मोडलेला, शिंग तुटलेला, डोळा गेलेला जनावर त्या बाजारात घेतले जात नाही, हेही तितकेच खरे.

याहून मोठी अडचण पावसाची. दख्खनी मेंढी ही कोरड्या मुलखाची. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात तिचे खूर कुजतात, अंग ओले राहून सर्दी-फुफ्फुसाचे विकार होतात, खाचरांच्या कडेला चरली की यकृतात चपट्या जंतांचा शिरकाव होतो. म्हणजे कोकणात गवत वाढते तेव्हा मेंढी उभी राहू शकत नाही, आणि मेंढी उभी राहू शकते तेव्हा गवत वाळत असते. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने ऐन जुलैत लोणंदच्या बाजूची मेंढरे माणगावकडे नेली. गणपतीपर्यंत निम्मी उरली. लसी टोचल्या होत्या, जंतांचे औषध दिले होते, गोठाही पक्का होता. मुलूखच त्यांचा नव्हता.

कोकणात पावसाळाभर स्वतःचेच जनावर ठेवायचे असेल तर ‘कोकण कन्याळ’ ही सिंधुदुर्गाकडील शेळी आहे. त्या पावसात रुळलेली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणलेली. पण शेळी ही गवतापेक्षा झाडपाला पसंत करणारी. करवंदीच्या जाळ्या ती साफ करील आणि त्याच तोंडाने मालकाची कलमेही. कलमांभोवती मजबूत कुंपण नसेल तर शेळीचे नाव काढू नये.

घाटावरच्या कोरड्या उतारांवर, भोर, पारनेर, माण, जत या बाजूंना जमीन असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे मेंढी आपल्या घरी आहे. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढा अंगाने थोराड, त्याला बाजारात मान आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या चिमुकल्या गरोळ मेंढीतला जुळी कोकरे देणारा गुण दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. गंमत अशी, की हाच गुण ऑस्ट्रेलियातील काही मेरिनो मेंढ्यांत सापडतो, आणि तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने तिकडे गेलेल्या मेंढ्यांचा वारसा मानला जातो. माल आपला, नाव त्यांचे, ही कापडाच्या धंद्यातलीच गोष्ट तिथेही. तिकडच्या वाचकांनी पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे चौकशी करावी, महामंडळाची मेंढ्यांची प्रक्षेत्रे आहेत. मात्र वीस मेंढरांमागे एक माणूस हे कोडे त्यांच्यापुढेही उभे राहणारच.

कोकणातल्या पाच एकरवाल्यांना आमचे सांगणे असे, की मेंढरे विकत घेऊ नका, ती बोलवा. ती दर वर्षी तुमच्या गावावरून जातातच. पारनेर तालुक्यातील धवळपुरीच्या परिसरातले धनगर बांधव दिवाळीनंतर घाट उतरून कल्याण, भिवंडी, वाड्याच्या पट्ट्यात येतात. घाटावरच्या इतर भागांतले वाडे रायगडकडे उतरतात. घोड्यांवर संसार, कोकरे, कोंबड्या, मागे दोन-तीनशे मेंढरे आणि कुत्री. पावसाच्या तोंडावर ते परत घाट चढतात. खालच्या भातखाचरांचे शेतकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. कापणी झाली की रात्री मेंढरे खाचरात बसवायची, सकाळी जमिनीवर लेंड्यांचा आणि मुताचा थर. त्याबद्दल धनगराला तांदूळ किंवा रोकड. चारा त्यांना, खत शेतकऱ्याला. हा सौदा कोणा बँकेने शिकवलेला नाही.

या सौद्यात डोंगरवाला नवा मालक मात्र कुठेच नाही. उलट तो काटेरी तार घालतो, फाटकावर कुलूप लावतो आणि वाडा दिसला की राखणदाराला काठी घेऊन पाठवतो. आम्ही पाहिले आहे की धनगराला हाकलणारा मालक फेब्रुवारीत गवत कापायला मजूर शोधत फिरतो आणि मार्चात वणव्याच्या भीतीने झोपत नाही. ज्याला बोलावून आणायचे त्यालाच आपण हुसकतो. धनगरांचीही ओढाताण होते आहे. जुनी चराऊ राने कारखान्यांत, गोदामांत आणि फार्महाउसांत गेली, वनखात्याची रोपवने बंद, रस्ते रुंद होऊन वाहने सुसाट. भिवंडीच्या आसपास जिथे वाडे उतरत तिथे आज गोदामांच्या रांगा आहेत, आणि त्या गोदामांत आपलाही माल असतो. त्यांना दहा-पंधरा दिवसांची चराई आणि पाणी देणारा मालक भेटला तर ते त्याच्याकडे वळणार नाहीत का?

दोनशे मेंढरे पाच एकरांतले गवत थोड्याच दिवसांत तळाशी आणतात. वीस मेंढरांना ते काम महिनोन्‌महिने पुरते, तोवर उरलेले वाळून सरपण झालेले असते. वणव्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. भरीला कलमांच्या आळ्यांत खत पडते, तेही न वाहता. मुद्दल गुंतत नाही, पगार नाही, मेलेल्या जनावराचा तोटा नाही. मांसाचे उत्पन्न धनगराचे. त्यात आपण वाटा मागू नये, कारण जोखीम त्याची आहे.

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. मेंढरे कलमे खातील. लहान कलमे खातील, म्हणून कमरेपेक्षा बुटक्या कलमांना करवंदीच्या काट्यांचे आळे हवेच, वाढलेल्या झाडाला मेंढी काही करत नाही. माती उघडी पडेल. पडेल, जर एकाच कळपाला दोन महिने ठेवले तर. मेंढी फार खालून चावते, म्हणून बोटभर गवत उरले की कळप हलवायचा, आणि अगदी तीव्र उतार चराईतून वगळायचा. बिबट्या येईल. तो आजही येतो, मेंढरे असोत वा नसोत. वाडा रात्री वाघुरीच्या जाळ्यात मेंढरे कोंडतो, माणसे आणि कुत्री जागी असतात. शनिवारी-रविवारी येणाऱ्या मालकाच्या वीस मेंढरांपेक्षा ती अधिक सुरक्षित असतात. परक्या माणसांवर विश्वास कसा ठेवावा, असेही कोणी विचारतो. आपण वर्षानुवर्षे नाव-गाव न पाहता चिठ्ठीवर लाखाचा माल दिलेला आहे. गावच्या पोलीस पाटलाला किंवा खाचरवाल्या शेतकऱ्याला विचारले तर कोणता वाडा कसा आहे, हे तो सांगतो. नवरात्राच्या सुमारासच त्याच्याकरवी निरोप धाडावा. वाडे घाट उतरण्याआधी दिशा ठरवतात, नंतर केलेली धावपळ उपयोगी पडत नाही.

सौदा करताना वाड्याच्या मुख्याशी, ज्येष्ठ माणसाशी बसून बोलावे. राखणदाराच्या तोंडी निरोपावर सोडू नये. किती दिवस, कोणत्या हद्दीत, रात्री कोणत्या आळ्यांत बसवायची, त्या रात्रींचे काय द्यायचे, हे चार मुद्दे पुरतात. चाऱ्याचे पैसे मागू नयेत असे आमचे मत आहे. कोणी मागतात, त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षी वाडा येत नाही. कुसळ गळून पडल्यावरच कळप घ्यावा, आणि ती वेळ धनगरास आपल्यापेक्षा अधिक कळते. मेंढीला दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागते. दोनशेंना सहा-आठशे लिटर, म्हणजे टाकी आदल्या दिवशी भरलेली हवी आणि हौद मेंढीच्या तोंडाला येईल इतका बुटका. मालकाची कुत्री बांधून ठेवावीत. आणि आंब्यावर मोहोराच्या वेळी कीटकनाशकाची फवारणी होत असेल तर तिच्या तारखा मुख्याला आधी सांगाव्यात. फवारलेल्या झाडाखालचे गवत मेंढरांना विषासारखे आहे, तो भाग औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत दोरी बांधून बंद ठेवावा. तणनाशक मारलेल्या पट्ट्यात तर त्या वर्षी कळप घेऊच नये.